शंभर डिरेक्टऱ्यांचं पॅकेज: पैसे पाण्यात की धंद्याचा पाया?

नळजोड
एसी दुरुस्ती, प्लंबिंग, पेस्ट कंट्रोल करणाऱ्यांना सध्या एक पॅकेज गळ्यात मारतात: 'शंभर डिरेक्टऱ्यांत (धंद्यांची नावं-पत्ते देणाऱ्या साइट्सवर) नाव टाकतो, गूगलवर वर याल.' माझं म्हणणं, घेऊ नका. स्थानिक निकाल कशावर ठरतात ते गूगल स्वतःच सांगतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि धंद्याची प्रसिद्धी. मुलुंडच्या गिऱ्हाइकाला वांद्र्याचा मेकॅनिक शंभर नोंदी केल्या म्हणून जवळचा होत नाही. गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगल शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद), बिंग, ॲपल मॅप्स, जस्टडायल, सुलेखा, फेसबुक पेज. एवढं बिनचूक भरा आणि उरलेला वेळ रिव्ह्यू मागण्यात घाला.

चेंबूरनाका
असहमत. प्रोफाइल कालच उघडलेल्या, शून्य रिव्ह्यूच्या माणसाने काय करायचं? 'पेस्ट कंट्रोल चेंबूर' शोधा. वर नकाशासोबत तीन धंद्यांची नावं येतात, त्यांच्याखाली डिरेक्टऱ्यांचीच पानं दिसतील. नकाशात जागा मिळेपर्यंत त्या पानांवर तरी नाव हवं की नको? शंभर नकोत हे मान्य, पण सहावर थांबणं म्हणजे आळस. आपल्या धंद्याचे पाच-सहा शोध लिहून काढा, प्रत्येकाची पहिली दोन पानं बघा. तिथे जी डिरेक्टरी दोनदा दिसेल तिच्यात नोंद करायची. यादी पंधरा-वीसच्या पुढे क्वचितच जाते.

पिनकोड२८
आकड्यावर कसले भांडताय, मुंबईत घोळ पत्त्याचा असतो. दादर पूर्व ४०००१४, पश्चिम ४०००२८. एका नोंदीत एक, दुसरीत दुसरा, आणि नकाशावरची पिन रुळांच्या भलत्याच बाजूला. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं २०१८ साली, जुन्या नोंदींत 'एल्फिन्स्टन स्टेशनसमोर' अजून तसंच. खूण जुनी राहिली तर एक वेळ चालेल, पण दुकान क्रमांक, पिनकोड आणि फोन यांत फरक नको. 'रोड' की 'मार्ग', स्वल्पविराम कुठे, यावर रात्र जागवू नका. गूगलला तेवढं कळतं.

आधी एका शीटमध्ये मूळ नोंद लिहा: नाव, पत्ता, एकच फोन, वेबसाइट, वेळ, कामाचा प्रकार. मग फोन नंबर अवतरण चिन्हांत टाकून शोधा. सलग दहा अंक, पाच-पाच तोडून, +९१ लावून, असं तीनदा. बंद झालेला जुना नंबरही तसाच शोधायचा. सापडलेल्या चुका दुरुस्त होईपर्यंत नवी नोंद करू नका, नाहीतर एकाच दुकानाच्या दोन-दोन नोंदी होऊन रिव्ह्यू विभागले जातात.

नळजोड
आणि त्या दुहेरी नोंदी करतं कोण? हेच पॅकेजवाले. जुनं काही आहे का हे न बघता नवीन टाकतात, तेही स्वतःच्या ईमेलवरून. वर्षाने फोन बदलला की तुमच्या हातात ना पासवर्ड, ना ओटीपी. नावातही 'साईकृपा एसी सर्व्हिस' पुढे 'बेस्ट एसी रिपेअर दादर' चिकटवतात. गूगल प्रोफाइलवर हे नियमाबाहेर आहे, प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. पाटीवर जे नाव तेच तिथे.

चेंबूरनाका
तो दोष काम करणाऱ्याचा, नोंदींचा नव्हे. ईमेल धंद्याचा, ओटीपी मालकाच्या फोनवर, आणि शेवटी प्रत्येक नोंदीची लिंक शीटमध्ये. एवढं ठरवून घेतलं आणि निम्मे पैसे काम संपेपर्यंत हातात ठेवले, तर बाहेरून करून घ्यायला हरकत काय? मालकाने दिवसभर शिडीवर चढायचं की फॉर्म भरायचे? काही डिरेक्टऱ्या आपल्या नंबराऐवजी स्वतःचा फॉरवर्डिंग नंबर (त्यावर आलेला कॉल आपल्याकडे वळवणारा) छापतात, त्यांच्यापुढे पॅकेजवालाही हतबल. निदान पत्ता आणि वेबसाइट तरी बरोबर ठेवायची. हो, त्या वेबसाइटच्या रकान्यात गूगलची फुकट बिझनेस साइट असेल तर ती मार्च २०२४ मध्येच बंद झाली, लिंक बदला.

चाळीतलं_ऑफिस
दुकानच नाही, घरातून काम चालतं, त्यांचं काय? चाळीतल्या खोलीचा पत्ता वीस ठिकाणी छापायचा?

पिनकोड२८
नाही. गूगलवर पत्ता लपवून फक्त सेवा-क्षेत्र, म्हणजे कामाला जाता ते भाग, भरा, वीसपर्यंत भाग देता येतात. इतर ठिकाणी भाग आणि पिनकोडवर भागत असेल तिथेच नोंद करा. भाड्याचा व्हर्च्युअल ऑफिसचा (नुसता कागदोपत्री) पत्ता मात्र गूगलला देऊ नका. कामाच्या वेळेत तिथे आपला माणूस बसत नसेल तर तो चालत नाही. धंदा खरा आहे का हे बघायला गूगल व्हिडिओ पडताळणी करतं, तीत अवजारं, नाव लिहिलेली गाडी, गल्लीची पाटी हे सगळं न तोडता एकाच चित्रीकरणात दाखवावं लागतं.

नळजोड
म्हणजे घरून काम करणाऱ्याच्या यादीतून निम्म्या डिरेक्टऱ्या तिथेच गळाल्या. आलो ना सहावर?

चेंबूरनाका
सहावर नाही, आठ-नऊवर. आणि त्याही दर सहा महिन्यांनी उघडून बघायच्या. कुणीही नकाशावर 'बदल सुचवा' दाबून तुमची वेळ बदलू शकतो.