२० हजारांतली इलेक्ट्रिक गिटार: कोणती घ्यावी, आणि अपग्रेडचे ८ हजार कुठे घालावेत?

ठाणेकर_सहातारी

अकूस्टिकवर हात बसलेला आहे, आता इलेक्ट्रिक घ्यायची आहे. गिटारीसाठी २० हजार, आणि वर्षभरात सुट्या भागांसाठी आणखी ८ हजार. ॲम्पचे पैसे वेगळे ठेवले आहेत. वाजवायचं ते ब्लूज आणि जुन्या हिंदी गाण्यांतले गिटारचे तुकडे. म्हणजे आवाज स्वच्छ, फार तर किंचित फाटलेला. मेटल अजिबात नाही.

यादीत तीन आहेत: नवी स्क्वायर सॉनिक स्ट्रॅट, नवी यामाहा पॅसिफिका ०१२ आणि वापरलेली पॅसिफिका ११२व्ही.

विचारायचं आहे ते असं. हातात घेतल्यावर नेमकं काय तपासायचं? पहिला खर्च पिकअपवर (तारांचा आवाज पकडणाऱ्या, चुंबक आणि कॉइलच्या भागांवर) करावा का? बहुतेक व्हिडिओ तेच सांगतात. आणि घर खाडीजवळ आहे, पावसाळ्यात नेकची (गिटारीच्या मानेची) काळजी कशी घ्यायची?

खुंटीपिळ्या

वापरलेली ११२व्ही चांगल्या अवस्थेत मिळाली तर डोळे मिटून तीच. बॉडी अल्डरची, पिकअप अल्निको ५ चुंबकाचे, आणि टोनचा नॉब वर ओढला की ब्रिजजवळच्या (तारा बॉडीवर टेकतात तिथल्या) हंबकरचं, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचं, एकच कॉइल चालू राहतं. सॉनिक आणि ०१२ मध्ये सिरॅमिक पिकअप आहेत. सॉनिकची बॉडी पातळ आणि हलकी आहे. तासन्‌तास गळ्यात अडकवायला ते बरं, पण पुढे ब्रिज बदलायचा झाला तर तिथेच अडतं.

दुकानात आवाजाकडे सगळ्यात शेवटी बघा. पिकअप, पॉट (नॉबखालचा भाग), खुंट्या, नट (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) हे सगळं नंतर बदलता येतं. पिळलेला नेक आणि खालीवर बसलेले फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मात्र या किमतीच्या गिटारीत दुरुस्त करणं परवडत नाही.

आधी गिटार पूर्ण सुरात लावून घ्या, कारण तारा सैल असताना नेकबद्दल काहीच कळत नाही. मग बॉडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा बघा. थोडा बाक चालतो, पण एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर नेक पिळलेला आहे. गिटार तिथेच ठेवा, ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईने) पीळ निघत नाही. त्यानंतर सहावी (सगळ्यात जाड) तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात सुमारे ०.२५ मिमी फट हवी, म्हणजे साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी.

पहिल्या तारेवर १२ ते १७ या प्रत्येक फ्रेटवर पूर्ण सुराचा बेंड घ्या, म्हणजे दाबलेली तार बाजूला ओढून सूर चढवा. ब्लूज वाजवणार असाल तर ही तपासणी सोडू नका. बेंड चढताना आवाज मध्येच गुदमरला तर पुढचा एखादा फ्रेट उंच आहे. खात्री करायला एटीएम कार्डाची सरळ कड लागोपाठच्या तीन फ्रेटांवर उभी ठेवा. डुगडुगलं तर मधला उंच.

वापरलेल्या गिटारीत आणखी एक गोष्ट बघाच. मालकाच्या परवानगीने ट्रस रॉडचा नट पाव फेरा सैल करून परत जागेवर आणा. तो हलतच नसेल, किंवा पूर्ण आवळूनही नेकला बाक उरलेला असेल, तर पुढे काही करायला वाव नाही.

कानस_नं_०

वर सांगितलंय त्याला पूर्ण सहमती. पिकअपबद्दल स्पष्ट सांगतो: पहिला खर्च तो नाही. पहिला खर्च ०९-४२ जाडीच्या नव्या तारा, एक फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) आणि १५ सेंमीची स्टीलची पट्टी. फिलर गेज गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते, गिटारवाल्यांकडून महाग घेऊ नका.

सेटअपचा क्रम मोडू नका: नेक, मग तारांची उंची, मग इंटोनेशन (नेकभर सूर खरा लागेल अशी जुळणी). उलट क्रमाने केलं तर प्रत्येक वेळी आधीचं काम वाया जातं.

नेकची फट ०.२५ मिमीपेक्षा जास्त असेल तर ट्रस रॉड उजवीकडे, कमी असेल तर डावीकडे. एका वेळी पाव फेरा, मग तारा पुन्हा सुरात लावून मोजा. गिटारीसोबत आलेलीच ॲलन की वापरा. मिमी आणि इंचाच्या चाव्या जवळपास सारख्या दिसतात, पण चुकीची घातली की नटाचे कोपरे झिजतात आणि मग तो कशानेच फिरत नाही.

उंची सतराव्या फ्रेटवर १.६ मिमी ठेवा, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. बेंड गुदमरत असेल तर पहिल्या दोन तारा पाव मिमी वर घ्या.

इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा त्या तारेचा टेकू) मागे, म्हणजे नेकपासून लांब. उतरा असेल तर नेककडे. जुन्या तारांवर हे काम करण्यात अर्थ नाही, त्या सूर खरा सांगत नाहीत.

आता नट. स्वस्त गिटारीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच तुकड्याकडे होतं, आणि सगळ्यात जास्त फरकही यानेच पडतो. कारखान्यात खाचा मुद्दाम उंच सोडलेल्या असतात. खाच उंच असली की पहिल्या फ्रेटवर दाबताना तार जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणून मोकळ्या तारा अगदी सुरात असूनही पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड बेसूर लागतो, आणि माणूस दोष आपल्या बोटांना देतो. तपासायचं असं: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. केसाएवढी हवी. तारेवर टिचकी मारली तर बारीक टिक ऐकू यावी. फट ठळक दिसत असेल तर खाच उंच आहे.

खाच कानसताना तारेच्या जाडीची कानस घ्या, उतार खुंट्यांकडे ठेवा आणि चार-पाच वेळा कानस फिरवली की तार बसवून बघा. जास्त उतरली तर मोकळी तार सतारीच्या जवारीसारखी झणझणते. तसं झालं तर खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा भरा, वर फेव्हिक्विकचा एक थेंब सोडा, तो लगेच दगड होतो. मग पुन्हा कानसा. त्याआधी आजूबाजूला मास्किंग टेप लावा, फेव्हिक्विक पॉलिशवर ओघळला तर डाग जात नाही.

टाकी_आणि_टाका

पिकअप बदलायच्या आधी त्यांची उंची तरी बदलून बघा. शेवटच्या फ्रेटवर तारा दाबून धरा. सिंगल कॉइलसाठी सहाव्या तारेखाली साधारण २.४ मिमी आणि पहिल्या तारेखाली २ मिमी अंतर ठेवा. पिकअप फार वर असला तर चुंबक तारेला ओढतो. मग जाड तारांवर वरच्या फ्रेटांना एकाच वेळी दोन सूर लहरत असल्यासारखं ऐकू येतं आणि इंटोनेशन कितीही केलं तरी जुळत नाही. हा दोष स्क्रू-ड्रायव्हरने जातो, फुकट.

गुणगुण कसली आहे ते आधी ओळखा, नाहीतर तांब्याच्या टेपवर पैसे घालून काहीच फरक पडायचा नाही. ॲम्पसमोर गिटार धरून जागच्या जागी गोल फिरा. दिशेप्रमाणे गुणगुण कमी-जास्त झाली तर ती ट्रान्सफॉर्मर, चार्जर यांच्या चुंबकीय क्षेत्राची आहे. सिंगल कॉइल ती पकडणारच, शील्डिंगने (बॉडीच्या पोकळीला आतून तांब्याची टेप लावून) ती जात नाही. तारांना हात लावल्यावर भुणभुण कमी झाली तर ती विद्युत क्षेत्राची आहे, आणि तिथे शील्डिंग खरंच उपयोगी पडतं. हात लावल्यावर वाढली, किंवा बोटाला झिणझिण्या आल्या, तर आधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन कापून दोन पिनांवर चालवणं जिवावर बेतू शकतं.

पिकअप निवडायचा सिलेक्टर दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवल्यावर गुणगुण एकदम खाली गेली तर मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट चुंबकाचा आहे. पुढे एखादाच पिकअप बदलायचा झाला तर ही माहिती लागेल. नवा पिकअप जुन्याबरोबर लावल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर दोघांचे फेज विरुद्ध आहेत. नव्याच्या दोन वायर अदलाबदल करा.

शील्डिंगसाठी तांब्याची अशी टेप घ्या जिचा गोंदही वीज वाहून नेतो. साधा गोंद असेल तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा थेंब द्यावा लागतो. पोकळीतला टेपचा प्रत्येक तुकडा मल्टिमीटरने तपासा, अर्थपर्यंत १ ओहमच्या आत यायला हवा. नेहमी होणारी चूक म्हणजे प्लग घातल्यावर जॅकचं (गिटारीतल्या केबलच्या सॉकेटचं) टोक फाकतं, तांब्याला टेकतं आणि गिटार मुकी होते. जॅकच्या मागच्या भिंतीवर इन्सुलेशन टेप लावा.

पॉट विकत घेण्याआधी मोजा. आयात केलेल्या छोट्या पॉटचा आटे असलेला भाग साधारण ७ ते ८ मिमीचा, सीटीएस कंपनीच्या मोठ्या पॉटचा ९.५ मिमीचा. म्हणजे पिकगार्डचं (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पत्र्याचं) भोक रीमरने हळूहळू मोठं करावं लागतं. ड्रिल लावलात तर प्लास्टिक तडकतं. नॉबही बदलतात: मिमी मापाच्या दांड्याला १८ दाते, सीटीएसला २४. सिंगल कॉइलला २५०के (किलो-ओहम) आणि हंबकरला ५००के हा साधारण नियम. पॉटचा हा आकडा जितका जास्त, तितके वरचे, तीव्र सूर मोकळे राहतात. व्हॉल्यूम कमी केला की आवाज मळकट होतो ना? व्हॉल्यूम पॉटच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या टोकांवर १५०के रेझिस्टर आणि ६८० पिकोफॅरड कपॅसिटर समांतर जोडा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे दोन्ही काही रुपयांत मिळतं. ‘व्हिंटेज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महाग कपॅसिटरवर खर्च करू नका. टोनला २२ किंवा ४७ नॅनोफॅरडचा साधा फिल्म कपॅसिटर तेच काम करतो.

सोल्डरिंगला ६०/४० ची ०.८ मिमी तार आणि ४० ते ६० वॅटचं आयर्न. २५ वॅटचं वायरींना पुरतं, पण पॉटच्या पाठीवर टाका घ्यायला फार वेळ टेकवावं लागतं आणि तेवढ्यात आतला कार्बनचा पट्टा भाजतो. पाठ आधी पॉलिशपेपरने घासून घ्या. आणि जुनी जोडणी उकलण्याआधी फोटो काढून ठेवा.

ऐनाची_फळी

पावसाळ्याबद्दल लिहितो. सॉनिकच्या लॉरेल फिंगरबोर्डला (नेकवरच्या, फ्रेट बसवलेल्या फळीला) नावावरून नाक मुरडू नका. इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन, सह्याद्रीत सगळीकडे उभा असतो तोच. जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली. तेव्हा अनेक कारखाने याकडे वळले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली, पण स्वस्त गिटारींवर ऐन टिकून राहिला. लाकूड कणखर आहे, फक्त त्याची छिद्रं उघडी असतात आणि ते कोरडं दिसतं. तारा बदलताना मिनरल ऑइलचे चार-पाच थेंब चोळा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा. खोबरेल किंवा तिळाचं तेल नको, ते खवट होऊन चिकटतं. मेपलच्या फिंगरबोर्डवर पॉलिश असतं, त्याला तेल लागतच नाही.

खोलीत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता आदर्श. जुलैत खाडीजवळ ते शक्य नाही. म्हणून गिटार केसमध्ये ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर महिन्याला त्या सुकवा किंवा बदला. भिंतीवर टांगू नका, पावसाळ्यात बाहेरच्या भिंती ओल धरतात. वाजवून झालं की तारा खालून-वरून पुसा. जून आणि नोव्हेंबर असं वर्षातून दोनदा नेकची फट मोजा. नागपूर किंवा सोलापूरकडे त्रास उलटा: एप्रिलमध्ये फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला ओरखडे काढतात. तिथे बारीक कानस ४५ अंशांत धरून टोकं गोल करायची. पण पावसाळ्यात ती आपोआप आत जातात, म्हणून जितकी खुपतात तितकीच घासा.

ठाणेकर_सहातारी

सगळ्यांचे मनापासून आभार. वर सांगितल्याप्रमाणे एक ११२व्ही तपासली. नेक सरळ आहे, ट्रस रॉड दोन्हीकडे फिरतो, बेंड गुदमरत नाहीत. दोन दोष दिसले: जॅक हलवला की खरखर, आणि बेंडनंतर तिसरी तार उतरते. ट्रेमोलो (ब्रिज हलवणारा दांडा) दाबून सोडला तर तीच तार चढलेली राहते. खुंट्या बदलाव्या लागतील का?

कानस_नं_०

नाही. बेंडनंतर उतरणं आणि ट्रेमोलोनंतर चढणं, ही नटमध्ये तार अडकल्याची खूण आहे. नट आणि खुंटी यांच्यामधली तार बोटाने दाबून सोडा. सूर जागेवर आला तर निदान पक्कं. तिसरी खाच ०.०१७ इंचाच्या कानशीने किंचित रुंद करा आणि मऊ शिसपेन्सिलीचं शिसं आत घासा. खुंटीवर तारेचे दोन-तीन वेढे पुरे, जास्त वेढे घसरतात.

ट्रेमोलो वापरायचा नसेल तर मागच्या झाकणाखालचे, स्प्रिंगा धरणाऱ्या पंजाचे दोन स्क्रू थोडे थोडे आवळा. ब्रिज बॉडीला टेकेपर्यंत. मग बेंड घेताना बाकीच्या तारा उतरणार नाहीत. वापरायचा असेल तर ब्रिजच्या मागच्या कडेखाली ३ मिमी फट ठेवा.

टाकी_आणि_टाका

जॅक उघडून बघा. बाहेरचा नट सैल राहिला की जॅक गरगर फिरतो आणि वायर टाक्यापाशी तुटत जाते. आवळताना जॅक आतून धरा. टोकाचा पत्रा ढिला पडला असेल तर चिमट्याने किंचित आत वाकवा. तरीही खरखरला तर नवा जॅक लावा. खरखर पॉटची असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा आत मारून पॉट वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा.

आणि एक लक्षात ठेवा: पॅसिफिकाचं पिकगार्ड स्ट्रॅटच्या मापाचं नाही. बाजारातली पिकअप लावून तयार आलेली स्ट्रॅटची पिकगार्डं हिच्यावर बसत नाहीत.