राजाराम बंधारा, अलमट्टी आणि एकच पडदा

कोल्हापूरच्या पुराच्या वेळी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची माहिती वेळेवर मिळायला महाराष्ट्र-कर्नाटकच्या अधिकाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप असला की पुरे, असं कुणी म्हणतं. मला नाही पटत. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. अलमट्टीची पूर्ण पातळी मात्र मीटरमध्ये, ५१९.६०, तीही समुद्रसपाटीपासून. २०१९ च्या पुरात माळ्यावर सामान चढवता चढवता आम्ही हे आकडे जुळवत बसलो होतो.

युरोपीय संघात २००८ पासून आयएमआय नावाची यंत्रणा आहे, वेगवेगळ्या देशांच्या अधिकाऱ्यांना एकमेकांकडून माहिती मागवता यावी म्हणून. तिच्यात ठरावीक प्रश्न आधीच सगळ्या भाषांत तयार असतात. पोलंडचा अधिकारी पोलिशमध्ये विचारतो, पोर्तुगालच्याला ते पोर्तुगीजमध्ये दिसतं. मराठी-कन्नडसाठी नेमकं हेच हवं! धरणातून विसर्ग किती, कधी वाढवणार, उत्तर किती वाजता आलं, सगळं नोंदलेलं. आणि हे सगळं दाखवणारा तो एकच पडदा (स्क्रीन) कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीच्या ग्रामपंचायतींनाही दिसायला हवा. जनावरं हलवायची असतात त्यांना.