मदत हवी आहे: झाडं न खाणारी गोगलगाय दुकानात ओळखायची कशी?

माझा दोन फुटी प्लांटेड टँक (जिवंत पाणवनस्पती लावलेला माशांचा टँक) आहे. अनुबियास, जावा फर्न, व्हॅलिस्नेरिया आणि पुढे कोवळा रोटाला. काचेवर आणि अनुबियासच्या पानांवर शेवाळाचे हिरवे कडक ठिपके धरतात. लाइट आठ तासांवरून सहा तासांवर आणला, खत निम्मं केलं, काच कार्डाने खरवडतो; पण पानांवरचे ठिपके हटत नाहीत. चेरी श्रिंप आहेत, त्यामुळे तांबं असलेलं कुठलंही औषध चालणार नाही.

म्हणून शेवाळ खाणारी गोगलगाय आणायची आहे. त्यात नेराइट जातीची सगळ्यात सुरक्षित, हे माहीत आहे. गोड्या पाण्यात तिची अंडी फुटत नाहीत, म्हणजे संख्या वाढायची भीती नाही. पण इथल्या दुकानांत ती मिळत नाही. मिळते ती पिवळी ‘ॲपल स्नेल’, आणि खरी अडचण तिथेच आहे. याच नावाखाली पोमेशिया डिफ्यूजाही विकतात, जी सहसा धडधाकट झाडांना हात लावत नाही, आणि कॅनालिक्युलाटाही, जी रोटाला मुळापासून साफ करेल. कॅनालिक्युलाटाच्या शंखाच्या वेटोळ्यांमध्ये खोल खाच असते आणि तिची अंडी भडक गुलाबी असतात, एवढं वाचलंय. पण दुकानात अंडी बघायला मिळत नाहीत, आणि बोराएवढ्या पिल्लाची खाच मला तरी नीट कळत नाही.

पाणी मऊ आहे, केएच (कार्बोनेट कठीणपणा) २, पीएच ६.८. शंख झिजू नये म्हणून कटलबोन (कॅल्शियम देणारं समुद्री कटलफिशचं हाड) टाकायची तयारी आहे. रॅम्सहॉर्न जातीच्या गोगलगायी नकोत, फार वाढतात.

ज्यांनी प्रत्यक्ष पाळल्यात त्यांना विचारतो: इतक्या लहान वयात या दोघींतला फरक खात्रीने कशावरून ओळखता?