कमी पैशांत देखणं घर : सातारा-सांगलीकरांनी लिहायचा धागा

घर सजवायचं म्हटलं की आधी दुकान आठवतं. या धाग्यात दुकानाच्या अलीकडचं लिहूया. कौतुक नको, माप हवं: किती फूट, किती किलो, कुठे फसतं आणि का. वाडा, फ्लॅट, भाड्याची खोली, जे असेल ते सांगून, वर आपलं टोपणनाव टाकून लिहा.

हरिपूर रस्ता

रंगाचा डबा आणण्याआधी भिंत ओली आहे का ते बघा. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी ज्या भिंतींत मुरलं, तिथे रंग टिकत नाही म्हणून लोक रंगाला शिव्या देतात. प्लॅस्टिकचा फूटभर चौकोनी तुकडा चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि दिवसभर ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल आतली. खोलीकडच्या बाजूला आले तर खोली कोंदट आहे, खिडक्या उघडा. आतल्या ओलीवर पुट्टी आणि ऑइलपेंट चढवलं की वाफेला वाट राहत नाही आणि पापुद्रे सुटतात. लोणा (भिंतीवर येणारे पांढरे क्षार) फुललेला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा. धुऊ नका, क्षार पाण्यात विरघळून परत भिंतीत शिरतात.

अशा भिंतीला चुना बरा, तो भिंतीला श्वास घेऊ देतो. १ किलो कळीच्या (न विझवलेल्या) चुन्याला ५ लिटर पाणी. चुना पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, कारण तो उकळून उडतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. भांडं लोखंडी घ्या; अ‍ॅल्युमिनियमला चुना खातो. दिवसभर मुरला की फडक्यातून गाळा, थोडं डिंकाचं पाणी घाला. पांढरा खुलायला नीळ, किलोला ३ ग्रॅमच्या वर नाही, नाहीतर दवाखाना वाटतो. दुधाइतका पातळ ठेवून तीन हात द्या. एकाच जाड हातात उरकलं की पोपडे धरतात आणि टेकलेल्या पाठीला पांढरं लागतं.

मापटं

वरच्याला जोड. चुन्यात रंग हवा असेल तर गेरू किंवा पिवळी माती, म्हणजे खनिज रंगच. सांगलीत हळद घरोघरी म्हणून ती घालायचा मोह होतो, पण चुन्याशी गाठ पडली की हळद लाल होते (कुंकू असंच करतात) आणि उन्हात महिन्या-दोन महिन्यांत उडून जाते. ओला रंग गडद दिसतो, वाळल्यावर बराच फिका पडतो. म्हणून वीतभर तुकडा रंगवा, दुसऱ्या दिवशी बघा, मग ठरवा.

कोरड्या भिंतीला इमल्शन लावणार असाल तर सगळी खोली रंगवू नका, एकच भिंत धरा. १२ फूट लांब, ९ फूट उंच म्हणजे १०८ चौरस फूट. दोन हातांना एक लिटर पुरत नाही, दोन आणा. मधेच संपला आणि पुन्हा मिसळून आणला तर छटेत फरक पडतो.

जवसतेल

साताऱ्या-वाईकडे वाडे उतरवले की सागवानी दारं, कड्या, खुंट्या विकायला निघतात. दाराचं टेबल झकास होतं, पण घेताना टोच्याने कडा टोचून बघा. टोचा लोण्यात शिरल्यासारखा गेला तर आत वाळवीने पोखरलंय. बारीक भोकं आणि खाली पीठ दिसलं तर घुणा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. पाणी लावून, मास्क घालून घासा. मग १२०, १८०, ३२० अशा चढत्या नंबरचा पॉलिश पेपर, तोही रेषांच्या दिशेने. आडवा घासलेला ओरखडा तेल लावल्यावरच दिसतो.

दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात. फडक्याने लावा, वीस मिनिटांनी जादा पुसून काढा. पुसलं नाही तर चिकट राहतं आणि धूळ धरतं. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

कडीपाट

पांढऱ्या मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही, ड्रिल लावलं की भोकाचा खड्डा होतो. फळी वरच्या तुळईला दोरीने टांगा. विटांच्या भिंतीत ८ मिमीचा प्लग, ५० मिमी खोल. पाऊण इंची फळीला दर अडीच फुटांना आधार हवा, नाहीतर पुस्तकांनी वर्षात पोट सोडते.

पन्हा

विट्याच्या, इचलकरंजीच्या मागावरचं कोरं सुती कापड पडद्यांना घ्या. ४ फुटी खिडकीला ८ फूट रुंद कापड, म्हणजे ४४ इंची पन्ह्याचे दोन तुकडे आणि वर थोडं. लांबीला १० इंच जास्त धरा, वरची-खालची दुमड त्यात बसते. शिवण्याआधी रात्रभर भिजवा. सुती कापड आटतं आणि पडदा घोट्यावरून वर येतो, तेव्हा शिंप्याला दोष देऊन उपयोग नाही. रॉड चौकटीच्या ६ इंच वर आणि दोन्ही बाजूंना तेवढाच बाहेर. खिडकी मोठी वाटते, फुकटात.

शाहूपुरी, भाड्याचं घर

छताची पांढरीफेक ट्यूब एकटीच असेल तर कसलाही पडदा बिचारा दिसतो. ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे दोन दिवे लावा, एक कोपऱ्यात खाली आणि एक भिंतीकडे वळवलेला. होल्डर, वायर, पिन मिळून खर्च किरकोळ. अभ्यासाला आणि स्वयंपाकाला मात्र ट्यूबच ठेवा. चित्रं उभ्याच्या नजरेला लावतात, पण बैठक खाली असेल तर मध्य जमिनीपासून चार फुटांवर आणा.

तंबोरा

मिरजेत वाद्यांसाठी आणलेले भोपळे तडकले की निकामी होतात. विचारून बघा, त्याचा झकास दिवा होतो. आतला गर मास्क लावून खरवडा, त्या धुळीने घसा धरतो. २ ते ४ मिमीची भोकं पाडा, वर व्हार्निश. आत ३ वॅटचा एलईडीच लावा, आणि वर हवेला वाट ठेवा.

माणदेश

घोंगडी भिंतीला लावणाऱ्यांसाठी: तिला चिंचोक्याची खळ असते. पावसाळ्यात ती ओल धरते, कसर लागते. भिंतीला चिकटवू नका, काठीत ओवून बोटभर अंतर सोडून टांगा. दर पंधरा दिवसांनी उन्हात झटका, सुकलेला कडुनिंबाचा पाला मागे ठेवा.

हरिपूर रस्ता

@माणदेश, लोणा असलेल्या भिंतीवर तर मुळीच नको. बोटभर अंतर सोडलं तरी.