हात आखडता असताना नवा गेम कन्सोल घ्यावा का?

काठावरचा:
आमच्या ऑफिसातून दोन महिन्यांत बरेच जण घरी गेले. माझी नोकरी टिकली, पगार मात्र कापलाय. शिल्लक आहे ती सहा महिने घर चालेल एवढी. अशात अकरा वर्षांचा मुलगा प्लेस्टेशन ५ मागतोय. बायको म्हणते, "घेऊन टाकू, पोराने कधी काही मागितलंय का?" माझं मत: आत्ता घेऊ नये. घरातला जुना प्लेस्टेशन ४ (पीएस ४) व्यवस्थित चालतो. नव्या मशीनच्या किमतीवर खर्च थांबत नाही. मागून दुसरा कंट्रोलर येतो, ऑनलाइनची वर्गणी येते, गेम येतात. निन्टेन्डो या दुसऱ्या कन्सोल कंपनीचा 'मारिओ कार्ट वर्ल्ड' हा एकटा गेम अमेरिकेत ८० डॉलरला आला. शिवाय थांबलं की भाव उतरतो. पीएस ३ चं ६० जीबीचं मॉडेल २००६ मध्ये ५९९ डॉलरला होतं, २००९ मध्ये त्याहून जास्त साठवण असलेलं बारीक 'स्लिम' मॉडेल २९९ ला मिळायला लागलं.

दुसरा_खेळाडू:
असहमत. थांबलं की स्वस्त होतं, हे गणित आता लागू नाही. डिस्कवाला (डिस्क घालून गेम खेळता येणारा) पीएस ५ नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला आला. पाच वर्षं थांबलेल्याला काय मिळालं? ऑगस्ट २०२५ मध्ये तो ५५० वर गेला. मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स सिरीज एक्सही ४९९ चाच होता. २०२५ मध्ये दोनदा वाढून ६५० झाला. पूर्वी दर काही वर्षांनी चिप लहान व्हायची, बनवायचा खर्च उतरायचा, म्हणून भाव पडायचे. आता चिपचा खर्च तसा उतरत नाही.
आणि तासांचा हिशोबही करा. मी आठ महिने बिनकामाचा घरी होतो. बाहेर जाणं, फिरणं सगळं बंद केलं होतं. रोज संध्याकाळी लेकीबरोबर एकच गेम खेळायचो, शंभर तास तरी खेळलो असू. त्या दिवसांत घरात हसणं तेवढंच होतं. त्याला उधळपट्टी म्हणू नका.

रात्रपाळी:
काठावरचा यांच्याशी सहमत. उद्या महाग होईल म्हणून आज घ्या, हे गरजेच्या वस्तूला ठीक. आणि कोणी हप्त्यांवर घ्या म्हणालं तर अजिबात ऐकू नका. मी घेतला होता. चौथ्या हप्त्याला काम सुटलं. मशीन निम्म्याहून कमी किमतीत विकलं, पण हप्ते पुढे सात महिने भरत होतो. मुलांसमोर ते खोक्यात भरताना जे वाटलं, ते अजून जात नाही. न घेतलेलं पोरं विसरतात, घेऊन परत काढलेलं नाही विसरत.

दुसरा_खेळाडू:
रात्रपाळी, हप्त्यांबद्दल शंभर टक्के मान्य. मी रोख घेण्याबद्दलच बोलतोय.

जुनी_डिस्क:
घ्यायचाच झाला तर वापरलेला आणि डिस्क लागणारा बघा. डिस्क मित्रांत फिरते, खेळून झाली की विकता येते. डाउनलोड केलेला गेम कुणाला देता येत नाही. पीएस ५ प्रो तर २०२४ मध्ये ७०० डॉलरला आला, तोही डिस्क ड्राइव्हशिवाय.

काठावरचा:
दुसरा_खेळाडू, भाव उतरण्याबद्दल मी चुकलो, मान्य. तुमचे आठ महिने वाचून बायकोलाही वाचून दाखवले. मग मुलाला विचारलं, नवाच का हवा? म्हणाला, "सगळे मित्र रात्री एकत्र खेळतात, मी एकटाच त्यांच्यात नसतो." खेळतात काय, तर फोर्टनाइट. तो फुकट आहे, पीएस ४ वर चालतो आणि ऑनलाइन खेळायला वर्गणीही लागत नाही! त्याला वाटत होतं, नव्यावरच्या मित्रांबरोबर जुन्यावरून खेळताच येत नाही. काल रात्री दोघांनी मिळून डाउनलोडला लावला.

दुसरा_खेळाडू:
हे उत्तम झालं. पण मित्र उद्या जुन्यावर न येणाऱ्या गेमकडे वळले तर?

काठावरचा:
तर वापरलेला, डिस्कवाला, रोखीने. आणि पगार पूर्ववत झाल्यावरच. सहा महिन्यांच्या शिल्लकेला हात लावणार नाही, हे मुलालाही सांगितलंय. त्याने विचारलं, "बाबा, नोकरी जाणार आहे का?" आधी तेच बोलायला हवं होतं. अर्धा तास आम्ही कन्सोलबद्दल बोललोच नाही.