लाउडन काउंटीच्या उमेदवाराचं पत्रक आलंय, यातलं खरंच किती होणारे?

अ‍ॅशबर्नकर:
मंडळी, व्हर्जिनियात लाउडनमधे राहणारं कोणी आहे का इथे? 2027 ला बोर्ड ऑफ सुपरवायझर्सचं, म्हणजे काउंटीचा कारभार चालवणाऱ्या मंडळाचं, इलेक्शन आहे आणि एक जण आत्तापासूनच दारावर पत्रक देऊन गेलाय. घराचा टॅक्स कमी करणार, नवीन डेटा सेंटर बंद, ग्रीनवेचा टोल निम्मा, शाळांना जादा पैसे. सिटिझनशिप नुकतीच झालीये त्यामुळे पहिलंच मतदान. वाचायला सगळं भारी वाटतंय, पण टॅक्स कमी करून शाळांना जादा पैसे आणणार कुठून?

घाटावरचा:
टोलवर आधी काट मारा. ग्रीनवे खाजगी रस्ता आहे, टोल ठरवतं राज्याचं कॉर्पोरेशन कमिशन. काउंटी तिथे जाऊन विरोध करू शकते, बास. निम्मा करतो म्हणणं म्हणजे शुद्ध थाप. व्हर्जिनियात डिलन रूल चालतो, म्हणजे राज्याने दिलेत तेवढेच अधिकार काउंटीला. साधे खड्डे बुजवायचे तरी बहुतेक रस्ते व्हीडॉटकडे, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याकडे.

पोटोमॅककाठी:
घाटावरचा +1. पण खरी गंमत डेटा सेंटरची आहे. आपल्याला त्यांचा आवाज नको, हाय टेन्शन लाइनी नकोत, मान्य, पण त्यांच्या कॉम्प्युटरांवर जो टॅक्स बसतो त्याच्यावरच काउंटीचा गाडा चाललाय. घराचा रेट 2023 ला दर 100 डॉलरला 87.5 सेंट होता तो 2025 ला 80.5 झाला, तो काही कोणाच्या पुण्याईने नाही. आणि रेट उतरला म्हणून बिल उतरतंच असं नाही हां, घराची असेसमेंट, म्हणजे टॅक्ससाठी धरलेली किंमत, वाढली की गेलं सगळं मुसळ केरात. 8 लाखाच्या घराला 2025 च्या रेटने 6,440 डॉलर होतात, तेच घर उद्या 9 लाखाचं धरलं तर रेट आणखी थोडा उतरवूनही बिल चढेल. त्यामुळे डेटा सेंटर बंद आणि टॅक्सही कमी हे एकाच पत्रकात छापणाऱ्याला विचारा की भाऊ नेमकं काय कापणार.
शिवाय "बंद" म्हणजे काय? मार्च 2025 मधे बोर्डाने बाय-राइट, म्हणजे बोर्डाला न विचारता बांधायची मुभा, काढलंच आहे, आता प्रत्येक नवीन अर्ज सुनावणी होऊन बोर्डापुढे येतो. जे आधीच मंजूर झालंय ते बांधलं जाणारच.

अ‍ॅशबर्नकर:
ओके, म्हणजे निवडून आला तर त्याच्या हातात प्रत्येक अर्जावर हो की नाही एवढंच?

पोटोमॅककाठी:
एवढंच म्हणू नका, तेच तर मोठं आहे. पण 9 जणांच्या बोर्डात त्याचं मत एकच. बाकीचे 8 काय म्हणतात तेही बघावं लागतं.

शाळावाली_आई:
शाळांचं सांगते. स्कूल बोर्ड वेगळं निवडून येतं पण त्याला टॅक्स लावता येत नाही, त्यामुळे पैशासाठी सुपरवायझर्सकडेच हात पसरावा लागतो. म्हणजे जादा पैसे देणं खरंच त्याच्या हातात आहे, पत्रकातलं मला तरी हे एकच वचन धरून ठेवण्यासारखं वाटतं. फक्त पैसे दिल्यावर ते कशावर खर्च करायचे ते मुख्यतः स्कूल बोर्ड ठरवतं, तेव्हा शिक्षकांचे पगार वाढवतो वगैरे बोलायला लागला तर कान टवकारा.
आणि ज्यांचं अजून ग्रीन कार्डच आहे त्यांना मत नसलं तरी बजेटच्या सुनावणीत बोलता येतं. एप्रिलच्या सुरुवातीला बजेट पास होतं, त्याच्या आधी नाव नोंदवायचं.