शब्दचर्चा : कराटेत अंग ‘सैल’ की ‘शिथिल’?

प्रश्न :
बेळगावच्या वडगाव भागात मी संध्याकाळी मुलांना कराटे शिकवतो आणि त्यांच्यासाठी मराठीत एक छोटी पुस्तिका लिहीत आहे. वर्गात आम्ही सगळेच ‘रिलॅक्स’ म्हणतो, पण तो शब्द ऐकताच मुले हात खाली टाकून पाण्याच्या बाटलीकडे वळतात, कारण त्यांच्या लेखी रिलॅक्स म्हणजे सुट्टी. मला सांगायचे असते ते असे, की ठोसा चालू असतानाच खांदा, कोपर आणि मनगट यांतला नको असलेला ताण काढून टाकावा. ‘शिथिल’, ‘ढिला’, ‘मोकळा’, ‘सैल’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद :
माझे मत निःसंशय ‘सैल’ या शब्दाला आहे, आणि त्याची कारणे थोडी विस्ताराने मांडतो.

‘शिथिल’ हा शब्द चुकीचा नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत आसन साधण्याचा एक उपाय म्हणून ‘प्रयत्नशैथिल्य’ सांगितले आहे आणि तिथे तो अत्यंत नेमका आहे. मात्र आजच्या मराठीत नियम शिथिल होतात, बंधने शिथिल होतात, म्हातारपणी गात्रे शिथिल होतात. दहा वर्षांच्या मुलाला तो शब्द आपल्या हाताचा वाटत नाही. ‘ढिला’ म्हटले की ढिलाई आठवते, म्हणजे दोष आला. ‘मोकळा’ चांगला आहे, परंतु ‘अंग मोकळे करणे’ हे सरावाच्या आधीचे काम, आणि आपल्याला तर सराव चालू असतानाची अवस्था हवी आहे.

‘सैल’ मुळात दोराला, गाठीला, पट्ट्याला शोभणारा शब्द आहे. सैल दोर तुटलेला नसतो. तो ओढला की त्याच क्षणी ताठ होतो आणि सोडला की पुन्हा सैल पडतो. कराटेतल्या हाताचे याहून चांगले वर्णन मला माहीत नाही. आधुनिक कराटेचे एक प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांनी शिष्यांसाठी घालून दिलेल्या 20 सूत्रांपैकी एकात बळाचा कमीअधिकपणा, शरीराचे प्रसरण-आकुंचन आणि तंत्राचे ‘कानक्यू’ विसरू नये, असे म्हटले आहे. ‘कानक्यू’चे भाषांतर बहुधा ‘संथ आणि जलद’ असे केले जाते. पण त्यातल्या ‘कान’साठी जे जपानी चित्राक्षर आहे त्याच्या डाव्या अंगाला धाग्याची खूण असते, आणि तेच अक्षर ‘युरुमु’ म्हणजे सैल होणे या क्रियापदातही येते. सूत्रातला ‘संथ’ हा सैलपणाच्या पोटातून आलेला आहे. नुसते ‘हळू’ म्हटले तर मुले हळू पण आवळलेला ठोसा मारतात, हे आपणही पाहिले असेल.

मी स्वतः कित्येक वर्षे तसाच मारत होतो. घाम यायचा, दंड भरून यायचे, आणि त्यालाच मी ताकद समजत होतो. कोपर सरळ करणारा स्नायू दंडाच्या मागच्या बाजूला असतो. पुढचा स्नायू आवळून ठेवला तर तो त्याच हालचालीला मागे खेचतो, ही साधी गोष्ट मला उशिरा उमगली. ती सांगितली एका तालमीतल्या वस्तादांनी, ज्यांचा कराटेशी काही संबंध नव्हता. ‘‘अंग सैल सोड की रे, म्हणजे समोरच्याचा जोर कुठून येतोय ते तुझं तुला कळंल,’’ एवढेच ते म्हणाले. त्या दिवसापासून माझा सराव संथ झाला, ठोशांची संख्या निम्म्यावर आली आणि काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करताना श्वास पहिल्यांदा ऐकू आला. कराटेत सरावाला ‘केइको’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ जुन्याचे मनन करणे असा आहे. दमण्यासाठी केलेल्या सरावात मनन कुठून होणार?

प्रतिसाद (खानापूरहून) :
कन्नडमध्ये ‘मै सडिल बिडु’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘अंग सैल सोड’. हे ‘सडिल’ संस्कृत ‘शिथिल’चेच तद्भव रूप आहे, आणि आपला ‘सढळ’ही त्याच कुळातला. सैल सुटलेली मूठ जवळचे धरून ठेवत नाही, म्हणून सढळ हात हा देणारा हात ठरला असावा, असे मला वाटते. वर्गात कन्नड बोलणारी मुले असतील तर दोन्ही शब्द शेजारी शेजारी द्यावेत.

मूळ प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. एकच शंका उरते. कराटेचे गुरू चोजुन मियागी यांच्या परंपरेचे नावच ‘गोजू’, म्हणजे कठीण आणि मृदू; त्यातल्या ‘सांचिन’ या कातात तर अंग मुद्दाम आवळतात. मग सरसकट ‘सैल’ लिहिणे योग्य होईल का?

प्रतिसाद :
सरसकट लिहू नये. ‘सैल’ला नेहमी अवयव आणि वेळ जोडावी : कणा ताठ, खांदे सैल, ठोसा पोहोचेपर्यंत हात सैल, लागताच मूठ आवळलेली, लगेच पुन्हा सैल. त्या आवळण्याच्या क्षणाला ‘किमे’ म्हणतात आणि तो शब्द ‘ठरवणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. म्हणजे आवळणे हे ठरवून, क्षणभरच करायचे. ‘सांचिन’ शिकवताना मात्र आधी पूर्ण कातात श्वास कसा घ्यायचा ते सैल अंगाने करून घ्यावे, आणि कोणता स्नायू केव्हा आवळायचा ते नंतर एकेक करून सांगावे.